आयटीआय की कॉलेज? पक्ष बाजूला ठेवून कोणी हिशेब मांडेल का

विद्याविहार_पूर्व

दहावीचा निकाल लागला की मुंबईतल्या यच्चयावत सोसायट्या आणि चाळींच्या ग्रुपवर एकच भांडण पेटतं. एक जण लिहितो, "बीकॉम करून काय दिवे लावणार, प्लंबर महिन्याला लाख कमावतो." दुसरा लगेच, "म्हणजे आमच्या पोरांनी पाने धरायचे आणि पुढाऱ्यांची पोरं परदेशात शिकणार." तिथून गाडी "पकोडे विकणं हाही रोजगारच" या २०१८ च्या वादावर जाते, मग पक्ष, मग नेते, आणि शेवटी ॲडमिन ग्रुपला कुलूप लावतो. ज्या मुलाचा अर्ज भरायचा असतो तो मुलगा तसाच.

म्हणून इथे ठोस विचारतो. समजा मुलगा कुर्ल्यात राहतो. दहावीला ६८ टक्के, गणित बरं, इंग्रजी कच्चं, हातानं काम करायला आवडतं. घरच्यांना आणखी सात-आठ वर्षं नुसती फी भरत बसणं झेपणारं नाही. इलेक्ट्रिशियन किंवा एसीचा ट्रेड घेतला तर पुढचं शिक्षण कायमचं बंद होतं का? मुंबईत पैसे नक्की कशाचे मिळतात? आणि हा वाद पक्षांत वाटला गेलाय तो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली तरी चालेल.

मेगरवाला

शिक्षण बंद होत नाही. पण दोन गोष्टी वेळेत कराव्या लागतात आणि बहुतेक मुलं नेमक्या त्याच सोडतात.

आधी मांडणी. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), फिटर, मशिनिस्ट, रेफ्रिजरेशन-एसी हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे. परीक्षा अखिल भारतीय पातळीवरची असते. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात, लेखीला ३३. कॉलेजसारखं ३५ वर निभावत नाही, शिवाय ८० टक्के हजेरी. "आयटीआय म्हणजे टाइमपास" म्हणणाऱ्यांना हा प्रात्यक्षिकाचा आकडा माहीत नसतो.

पहिली गोष्ट बारावीची. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्याला राज्य मंडळाचे बारावीचे दोन भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते. मुलं म्हणतात, "हातात कला आहे, इंग्रजीचा पेपर कशाला?" मग महावितरणची विद्युत सहायकाची जाहिरात येते आणि तिच्यात आयटीआयसोबत बारावी मागितलेली असते. अलीकडच्या भरतीत त्या पदाला पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० मानधन होतं, आणि तीन वर्षं नीट काढली की तंत्रज्ञ म्हणून नियमित नेमणूक. एका भाषेच्या पेपरासाठी हे सोडणं म्हणजे बैल विकून दावं सांभाळणं. इंग्रजी कच्चं असेल तर पहिल्या वर्षापासूनच त्याच्या मागे लागा.

दुसरी गोष्ट शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप. १९६१ चा कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मुंबईत त्यासाठी चांगल्या जागा म्हणजे नेव्हल डॉकयार्ड, माझगाव डॉक आणि रेल्वेचे कारखाने : परळ, माटुंगा, लोअर परळ, महालक्ष्मी. डॉकयार्ड दहावीला ५० आणि आयटीआयला ६५ टक्के मागतं, वर १०० गुणांची लेखी परीक्षा घेतं : गणित ३५, विज्ञान ३५, सामान्य ज्ञान ३०. रेल्वेत परीक्षाच नाही. दहावीचे आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढून गुणवत्ता यादी लागते. म्हणजे तुमच्या उदाहरणातले ६८ टक्के इथेही मोजले जाणार आहेत.

माझगाव डॉकचं वेगळं. तिथे दहावी झालेल्यांचा एक गट, आयटीआयवाल्यांचा दुसरा, आणि आठवी झालेल्यांचा तिसरा असतो, त्यात रिगर आणि वेल्डर येतात. आयटीआय न करता थेट शिकाऊ म्हणून लागता येणारी मुंबईतली ही मोजक्या जागांपैकी एक, म्हणून दहावीच्या मुलांनी तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं.

पुढचं शिक्षण हवं असेल तर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि पदविकेनंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीपासून धरलं तर २ + २ + ३, एकूण सात वर्षं. अकरावी-बारावी करून इंजिनीअर होणाऱ्यापेक्षा एक वर्ष जास्त, पण मध्ये दोन ठिकाणी कमावता येईल असं प्रमाणपत्र हातात पडतं. अडचण गणिताची. आयटीआयमध्ये कॅल्क्युलस नसतं आणि पदविकेचं दुसरं वर्ष तिथूनच सुरू होतं. मधल्या दोन महिन्यांत प्रथम वर्षाचं गणित करून घेतलं नाही तर पहिल्याच सत्रात विषय राहतात.

बेरीज_वजाबाकी

"डिग्रीवाले बेकार" या मुद्द्यावर एक आकडा हमखास फेकला जातो, तो नीट वाचू या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात २०२२ सालचा पदवीधर तरुणांचा बेरोजगारी दर २९.१ टक्के आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांचा ३.४ टक्के. यावरून "शिकून फायदा नाही" असा निष्कर्ष काढणारे बेरोजगारीची व्याख्याच विसरतात. काम शोधतोय आणि मिळत नाही, तो बेरोजगार. निरक्षर माणसाला शोधत बसणं परवडत नाही, तो दिवसाला मिळेल त्या रोजंदारीवर जातो आणि आकडेवारीत "कामावर" धरला जातो. पदवीधर घरच्यांच्या जिवावर दोन वर्षं परीक्षा देत बसतो आणि "बेरोजगार" ठरतो. हा आकडा कोणाला थांबणं परवडतं ते सांगतो.

दुसऱ्या बाजूचा आकडाही तसाच पोकळ. "प्लंबर लाख कमावतो" म्हणताना डोळ्यासमोर असतो परवाना असलेला, चार पोरं हाताखाली ठेवणारा ठेकेदार. त्याच्या हाताखालचा हेल्पर किती घेतो हे कोणी सांगत नाही. तुलना करायचीच तर ठेकेदाराची सीएशी करा आणि हेल्परची कॉल सेंटरमधल्या बीएशी.

आणि सरकार स्वतः कोणाला किती किंमत देतं तेही पाहा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. ॲप्रेंटिसच्या २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला ७,००० आणि पदवीधराला ९,०००. भाषणात "कौशल्याला पदवीइतकाच मान" आणि तक्त्यात दोन हजार कमी.

अवांतर : आयटीआयमधल्या पात्र मुलांना कित्येक वर्षं महिना ४० रुपये विद्यावेतन मिळायचं. २०२३ मध्ये ते ५०० झालं. मधल्या काळात सगळ्याच पक्षांची सरकारं येऊन गेली.

गारवा

एसीच्या ट्रेडबद्दल लिहितो, कारण "एसीवाला" या एका शब्दात दोन वेगळी माणसं येतात.

एक जण फिल्टर धुतो, जेट पंप मारतो आणि "गॅस कमी आहे" म्हणून गेजवरच्या अंदाजानं गॅस भरतो. हे काम महिनाभर कोणाच्या मागे फिरूनही येतं, म्हणून त्याला भावही तेवढाच. दुसरा माणूस सिस्टीम उघडून पुन्हा बंद करू शकतो. फरक इथे पडतो :

नव्या घरगुती एसीत बहुतेक आर-३२ हा गॅस असतो, काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. आर-३२ मंद ज्वलनशील आहे, आर-२९० चांगलाच ज्वलनशील. जुन्या आर-२२ च्या सवयीनं सिलिंडरमधला थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर ढकलायची, याला बाजारात "पर्ज मारणं" म्हणतात. आर-३२ वर हे करणं चूक आहे. एक तर बंद खोलीत ज्वलनशील गॅस सुटतो, आणि ओलावा आतच राहतो. नव्या गॅसबरोबरचं सिंथेटिक तेल पाणी शोषून घेतं, जुन्या मिनरल तेलासारखं सोडून देत नाही. ओलाव्यातून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं आणि दीड-दोन वर्षांत कॉम्प्रेसर जळतो. गिऱ्हाईक म्हणतं कंपनी खराब.

बरोबर पद्धत अशी. सांधा ब्रेझिंग करताना, म्हणजे तापवून जोडताना, पाइपमधून नायट्रोजन बारीक सोडत राहायचा, नाहीतर आतून काळी पापडी धरते आणि ती पुढे कॅपिलरीत, म्हणजे गॅसच्या बारीक नळीत, अडकते. मग नायट्रोजनचाच दाब देऊन साबणाच्या फेसानं गळती तपासायची. ऑफिसांतल्या व्हीआरएफ यंत्रणेला (बाहेरच्या एका युनिटवर अनेक खोल्या) हा दाब २४ तास ठेवून पाहतात. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून आतला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे हे दाबाचं माप) खाली आणायचा, व्हॉल्व्ह बंद करून काटा चढतो का ते बघायचं. चढून एका जागी थांबला तर आत ओलावा, चढतच राहिला तर गळती. शेवटी गॅस वजनकाट्यावर, प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये. पाइपचं फुलवलेलं टोक म्हणजे फ्लेअर, त्यावरचा नट टॉर्क पान्यानं आवळायचा, पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर. जास्त आवळला की फ्लेअर चिरतो, आणि मुंबईतल्या बऱ्याच "दरवर्षी गॅस संपतो" तक्रारींचं मूळ त्या एका चिरेत असतं. काहींचं खाऱ्या हवेनं सडलेल्या कॉइलमध्ये.

हे सगळं आयटीआयच्या अभ्यासक्रमात आहे. शिकवलं जातं का, ते संस्थेच्या वर्कशॉपवर. प्रवेशाआधी वर्कशॉप बघायला जा आणि तीन गोष्टी विचारा : व्हॅक्यूम पंप चालू आहे का, मायक्रॉन गेज आहे का, एका सेटवर किती मुलं. दहा मुलांत एक सेट असेल तर नऊ जण बघून शिकणार.

मोसमाचंही धरून चाला. घरगुती एसीचं काम मार्च ते जून तुडुंब, पावसाळ्यात ओसरतं. जो चिलर, कोल्ड स्टोरेज, हॉस्पिटलचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) याकडे वळतो त्याचे बारा महिने भरतात. तिथे इंग्रजी मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम वाचावं लागतं. तेव्हा इंग्रजी इथेही सुटत नाही.

टिपूर

सगळे आयटीआयच्या बाजूनं बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

पदवी ज्ञान देवो न देवो, ती पात्रतेची अट आहे. बँकेची क्लार्कची परीक्षा, एमपीएससीची राज्यसेवा, केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या भरतीची सीजीएल, या सगळ्यांना पदवी लागते, शाखा कुठलीही चालते. २४ व्या वर्षी यातलं काही करावंसं वाटलं आणि पदवी नसेल तर फॉर्मच भरता येत नाही. मुक्त विद्यापीठातून कामासोबत बीए-बीकॉम करता येतं, हे आयटीआयवाल्या मुलांना कोणी सांगत नाही. दोन्ही एकत्र जमतं.

आणि कॉमर्सला सरसकट नावं ठेवू नका. नुसतं बीकॉम हे अर्धं सामान आहे, एवढं खरं. त्यासोबत टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस आणि एक्सेल येत असेल तर फोर्ट-काळबादेवीपासून भिवंडीपर्यंत हिशेबनीस लागतातच. सीएची आर्टिकलशिप आता तीन ऐवजी दोन वर्षांची आहे, आणि तीही एका अर्थी शिकाऊ उमेदवारीच. फक्त तिला कोणी "ट्रेड" म्हणत नाही, कारण कपडे काळे होत नाहीत.

मला खटकतं ते वेगळंच. "सगळ्यांनी पदवीच्या मागे लागू नये" हा सल्ला नेहमी कोणाच्या मुलांना दिला जातो? आपल्याकडे हातकाम आणि जात यांचं नातं जुनं आहे. ज्यांच्या घरात पहिल्यांदा कोणी कॉलेजची पायरी चढतंय त्यांना हा सल्ला टोचतो, आणि टोचणारच. त्याला "पक्षाचं राजकारण" म्हणून झटकू नका.

मुलींचं तर या धाग्यात कोणी नावच काढलं नाही. आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, दादरला मुलींची स्वतंत्र संस्था आहे. तरी मुलगी म्हटलं की शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरच सुचवलं जातं. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन सिव्हिल, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) हे ट्रेड बघा.

गिरणगाव

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, थोडं लांबेल.

हा वाद आजच्या रूपात अमेरिकेतून आलाय. तिथे २०१६ पासून मतदार खरोखरच पदवीवरून विभागले गेले : पदवीधर, त्यातही गोरे पदवीधर, डेमोक्रॅटांकडे झुकले आणि पदवी नसलेले गोरे रिपब्लिकनांकडे. त्यात विद्यार्थ्यांवर दीड लाख कोटी डॉलरहून जास्त शैक्षणिक कर्ज. त्यामुळे "कॉलेज की ट्रेड" म्हटलं की तिथे आपोआप "तू कोणाचा" असं ऐकू येतं. आपले लोक तिथल्या क्लिप फॉरवर्ड करतात आणि भांडण जसंच्या तसं दादरला आणतात.

इथली वाटणी तशी नाही. २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात पदवी-पदविकाधारकांना वर्षाला एक लाख रुपयांची शिकाऊ उमेदवारी होती. जुलैच्या अर्थसंकल्पात भाजप सरकारनं पाच वर्षांत एक कोटी तरुणांना महिना ५,००० ची इंटर्नशिप जाहीर केली, आणि काँग्रेस म्हणाली आमचंच उचललं. भांडण श्रेयाचं होतं, धोरण साधारण एकच.

मुंबईचं स्वतःचं भांडण निराळं आणि जुनं. १९६६ ला शिवसेना निघाली तेव्हाचा मुद्दा कारकून-टायपिस्टच्या नोकऱ्यांचा होता. सत्तरच्या दशकातली तिचीच स्थानीय लोकाधिकार समिती बँका, विमा, विमान कंपन्यांतल्या जागांसाठी. म्हणजे मराठी माणसाचं राजकारण टेबल-खुर्चीच्या नोकरीभोवती उभं राहिलं. त्याच पक्षातल्या मनोहर जोशींनी दादरला कोहिनूर ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढून इलेक्ट्रिशियन-प्लंबर तयार केले, ही गंमत वेगळी. गिरणीतला कामगार तेव्हा बराचसा लाल बावट्याकडे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्या पुन्हा तशा उभ्या राहिल्या नाहीत. साचेवाला, जॉबर, रिंगवाला यांचं कसब साच्यावर, म्हणजे मागावर, शिकलेलं, बापाकडून, मामाकडून. त्याला प्रमाणपत्र नव्हतं. गिरणी गेली आणि त्याला बाहेर विचारणारं कोणी उरलं नाही. वीस वर्षं साचे चालवलेला माणूस वॉचमनच्या खुर्चीत बसला, तो कागद नसल्यामुळे.

कागद असलेल्यांचीही रडकथा आहे. २० मार्च २०१८ ला सकाळच्या गर्दीत दादर-माटुंगा दरम्यान मुलं रुळांवर बसली, ती रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली. त्यांना रेल्वेच्या खालच्या पातळीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत, त्यांचं म्हणणं होतं ही मर्यादा काढा आणि सरळ घ्या. कायद्यानं मालकावर शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचं बंधन नाही. हे प्रवेशाच्या दिवशी सांगायला हवं.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, त्यात इंजिनीअरपासून शिपायापर्यंत सगळे होते. ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला आणि दोन्ही आघाड्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. या शहरात खरी रेघ कायम आणि कंत्राटी यांच्यात आहे. पदवीधर आणि आयटीआयवाला त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सापडतात.

मेगरवाला

@गिरणगाव, कागदाचा मुद्दा पटला, त्याला जोडून. खरा कमाईचा कागद आयटीआयचं प्रमाणपत्र नव्हे, तर परवाना. विजेचं काम कायद्यानं परवानाधारक ठेकेदारानंच करायचं असतं, आणि नवं कनेक्शन घेताना वीज कंपनीला द्यायच्या चाचणी अहवालावर सही त्याचीच चालते, मग ती बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण. पायऱ्या तीन : तारतंत्री परवाना, पर्यवेक्षक, ठेकेदार. ठेकेदाराला पर्यवेक्षक आणि स्वतःची उपकरणं दाखवावी लागतात, तारेचं इन्सुलेशन तपासणारा मेगर आणि अर्थिंग तपासणारा अर्थ टेस्टर त्यात आलेच. नळाचंही तसंच. महापालिकेकडे नव्या जोडणीचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत जातो. बिनपरवान्याचा माणूस काम तेच करतो आणि सहीचे पैसे दुसऱ्याला देतो.

दर्जाची पारख गिऱ्हाइकालाही करता येते. दीड टनी एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची तार आणि वेगळा एमसीबी, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, दिव्यांना १.५, घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. काम झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरनं किमान १ मेगओहम दाखवा म्हणावं. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेला असला की आरसीसीबी सारखा पडतो, मग हेल्पर तो काढूनच टाकतो. नेमकं तिथे माणूस मरतो.

विद्याविहार_पूर्व

आभार. @टिपूर, मुलींचा मुद्दा माझ्याकडून राहिला, मान्य. एकच शेवटचं : "सहा महिन्यांत इलेक्ट्रिशियन, सरकारमान्य" अशा पाट्या कुर्ला स्टेशनबाहेर दिसतात. आणि अकरावी व आयटीआय दोन्हीकडे अर्ज भरून ठेवता येतो का?

बेरीज_वजाबाकी

अर्ज दोन्हीकडे भरा. सहा महिन्यांच्या पाटीवर "सरकारमान्य" असेल तर कोणाची मान्यता ते विचारा. ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का, ते संस्थेच्या नावानं तपासा. वीजतंत्री दोन वर्षांचाच असतो, त्यामुळे सहा महिन्यांचं जे काही आहे ते दुसरंच आहे. हाताला सवय म्हणून ठीक, रेल्वे-डॉकयार्डला चालणार नाही.

आयटीआयच्या विकल्प अर्जात पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते मिळालं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून "बघू तरी" म्हणून पहिलं नाव भरू नका. क्रम लावताना आधी ट्रेड, मग संस्था. घराजवळ म्हणून नको असलेला ट्रेड घेतलेली मुलं वर्ष अर्धवट सोडतात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्राची रांग संपत नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो ज्युनिअर कॉलेजात जमा केला की परत मिळवायला आधी प्रवेश रद्द करावा लागतो, त्यात तीन-चार दिवस जातात आणि आयटीआयच्या फेरीला मुदत तेवढीच असते. कुठे द्यायचा ते ठरल्याशिवाय तो हातातून सोडू नका.